न मागता द्यायची गोष्ट

परवा उरण नाक्यावर एका रिक्षाने माझ्या स्कूटरचा आरसा उडवला. मी मनातल्या मनात शिव्यांची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात रिक्षावाला खाली उतरला, आरशाचे तुकडे गोळा करून माझ्या हातात देत म्हणाला, "काका, समोरून एकदम कुत्रा आला. एवढा बेनिफिट ऑफ द डाउट द्या ना."

मी शिव्या गिळल्या. त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "एझरा सरांच्या वर्गात होतास?"

त्याने जीभ चावली. "हो सर. सॉरी सर. ते मागायचं नसतं."

"मग?"

"मग काय सर, कुत्रा नव्हता. मोबाईल बघत होतो."

नवा आरसा त्यानेच बसवून दिला. मी मात्र स्कूटर बाजूला लावून बराच वेळ तिथे नुसता उभा राहिलो. एझरा सर वारल्यापासून हे असं होतं. पनवेलात कुठेही, भाजीच्या गाडीवर, नगरसेवकाच्या भाषणात, बँकेच्या रांगेत, कोणीतरी तो शब्दप्रयोग बोलून जातो आणि माझा दिवस फुकट जातो.

आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवायचो. ते इंग्रजी, मी मराठी. मी बेलपाड्याचा आगरी. घरात 'हाय-नाय' बोलून वर्गात शुद्ध मराठी शिकवणारा. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. घरात माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलून वर्गात इंग्रजी शिकवणारे. "म्हात्रे, आपण दोघेही परक्याच्या मालावर धंदा करतो," असं ते म्हणायचे. त्यांच्या आळीतली निम्मीअधिक माणसं केव्हाच इस्रायलला गेलेली. कितीतरी घरांना कुलपं आणि कुलपांना गंज. सर का गेले नाहीत, असं कोणी विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तिकडे जिताडा मिळत नाही."

मासे हा त्यांचा जीव की प्राण, पण त्यातही नियम. ज्याला पंख आणि खवले आहेत तोच मासा. कोलंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत. आगऱ्याच्या घरी जेवायला येऊन चिंबोरी नको म्हणणारा माणूस माझ्या आईने जन्मात पाहिला नव्हता. "चिंबोरीनं काय पाप केलंय रं याचं?" ती मला चुलीजवळ कुजबुजत विचारायची. "बामनावानी नियम पालतंय आनि म्हावरा पन खातंय!" एकदा तिने कौतुकाने वाटलेली चटणी त्यांच्या पानात वाढली. सरांनी त्यातला लालसर ठिपका निरखला आणि हळूच ती माझ्या पानात सरकवली. चटणीत सुकट होती, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबीच. "म्हात्रे," ते कानात म्हणाले, "माणसाला मी कितीही देईन. चटणीला बेनिफिट ऑफ द डाउट देता येत नाही. वरून बघतायत."

आता त्या शब्दप्रयोगाकडे येतो.

दर शुक्रवारी नववीच्या शेवटच्या तासाला सर एक वाक्प्रचार द्यायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याची वाक्यं ऐकायचे. वाक्प्रचार वर्षाला पुष्कळ होत, पण सगळं पनवेल लक्षात ठेवून आहे ते या एकाला. त्याला कारण त्याचे नियम. वाक्य गाइडातलं चालणार नाही. वाक्य खरं हवं. 'एक माणूस', 'कोणीतरी' चालणार नाही, माणसाचं नाव हवं. आणि सगळ्यात मोठी अट अशी की आधी करायचं आणि मग लिहायचं. म्हणजे ज्याच्याबद्दल मनात शंका आहे असा एक माणूस शोधायचा, त्याच्याबद्दल वाईट समजायला जागा असताना चांगलं समजायचं, तसं त्याच्याशी वागायचं, आणि मग वर्गात येऊन वाक्य म्हणायचं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, साधं भाषांतर द्या की. संशयाचा फायदा."

"ते कोर्टाचं मराठी झालं. आरोपीला सोडताना वापरतात. माझ्या वर्गात आरोपी नाहीत."

वाक्य खरं आहे असं पटलं की सर वहीवर लाल शाई लावत नसत. "दुसऱ्याच्या आयुष्यावर कसली लाल शाई?" असं म्हणून उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचे आणि हवेतच बरोबरची खूण काढायचे, छोटीशी, शेवटी वर झटका देऊन. पोरं त्या झटक्यासाठी जीव टाकायची. झटका नसला तर वाक्य पास, पण जेमतेम.

मयुरी कोळी नावाची एक मुलगी वर्गात होती. उरणकडची. तिची आई पनवेलच्या बाजारात मासे विकायला बसायची. एका बाईने आदल्या दिवशी नेलेले बोंबील परत आणून आदळले, खराब निघाले म्हणून. आईचं म्हणणं, हिने घरी नेऊन उन्हात ठेवले असणार. मयुरीला नेमकं वाक्य हवं होतं. तिने आईच्या पाया पडून त्या बाईला दुसरे बोंबील द्यायला लावले आणि शुक्रवारी वर्गात दिमाखाने वाक्य म्हटलं. शनिवारी तिची आई टोपलीसकट शाळेत.

"कोन तो विंग्रजीचा मास्तर? तुमच्या एका वाक्यापायी माजा म्हावरा गेला!"

सर तेव्हा अजून नोकरीत होते, शनिवारी शाळेत यायचे. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, त्या बाईचा फायदा झाला ना?"

"झाला तर! फुकट नेलान की तिनं."

"आणि तुमचं नुकसान झालं?"

"मंग काय सांगतंय मी मगासपासून?"

"म्हणजे तुमच्या मुलीचं वाक्य अगदी बरोबर आहे. फायदा ज्याच्यावर शंका आहे त्याचा व्हायला हवा. देणाऱ्याचा झाला तर तो धंदा."

बाईने पाण्याचा पेला रिकामा केला. "मंग मारकं किती दिलीत?"

"पैकीच्या पैकी."

"हां, मंग ठीक हाय," म्हणून तिने टोपली उचलली. त्यानंतर कित्येक वर्षं बाजारात चांगला जिताडा आला की ती तो सरांसाठी बर्फाखाली दडवून ठेवायची.

हे वाचून कोणाला वाटेल, सर भोळे होते. मलाही आधी तसंच वाटायचं, आणि मी जन्माचा संशयी. आमचा शिपाई गणपत कोन गावाहून यायचा. रोज उशीर आणि रोज एकच कारण, कोन फाट्याला ट्राफिक. हेडमास्तर ओरडायचे, आम्ही टोमणे मारायचो, आणि एझरा सर शांतपणे म्हणायचे, "असेल हो ट्राफिक." एक दिवस मी मुद्दाम लवकर निघालो. गणपत शाळेच्या मागच्या टपरीवर चहात पाव बुडवत निवांत बसला होता. मी विजयी मुद्रेने स्टाफरूममध्ये आलो आणि सरांना सांगितलं.

"मला माहीत आहे," ते पेपर तपासता तपासता म्हणाले. "तो तिथेच असतो."

"मग तुम्ही रोज ट्राफिक कशाला धरून बसता?"

"रोजचं मला कुठे माहीत आहे? एखाद्या दिवशी खरंच ट्राफिक असेल. तो दिवस कोणता ते कळत नाही ना, म्हणून रोज द्यायचा." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आणि म्हात्रे, पुरावा आल्यावर जे देतात तो नुसता न्याय. न्याय काय, कोणीही देईल. पुरावा यायच्या आधी द्यायचं ते हे."

त्यामुळे गणपत सुधारला, असं काही झालं नाही. तो रिटायर होईपर्यंत उशिराच आला.

सरांना एकच मुलगी, नाओमी. नववीत ती बापाच्याच वर्गात. एकदा मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली. तिथे जायला बंदी होती. भिजलेला फ्रॉक घेऊन घरी आली आणि नळाखाली पाय घसरला म्हणून सांगितलं. सरांनी फ्रॉककडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पेपर तपासायला घेतले. त्या शुक्रवारी तिने भर वर्गात उभं राहून, बापाकडे बघत वाक्य म्हटलं, "पप्पा, प्लीज गिव्ह मी द बेनिफिट ऑफ द डाउट." पोरं हसली.

सर हसले नाहीत. बोटही उचललं नाही. "इंग्रजी बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळ्या जगात चालेल. माझ्या वर्गात चालणार नाही. ही न मागता द्यायची गोष्ट आहे. मागून घेतली की भीक होते, आणि देणारा मालक होतो. खाली बस."

पोर मधल्या सुटीत आमच्या स्टाफरूमच्या मागे बसून हमसून हमसून रडली. माझी बायको सुनंदा तेव्हा शाळेच्या लायब्ररीत होती. तिने तिला जवळ घेतलं. घरी गेल्यावर सरांनी तिला कुशीत घेतलं, जिलबी आणली, सगळं केलं. पण नियम नियमच राहिला. तेव्हापासून आमच्या शाळेत, आणि हळूहळू सगळ्या पनवेलात, तो पक्का झाला. बेनिफिट ऑफ द डाउट मागायचा नसतो.

हा नियम किती मूर्खपणाचा होता, ते मला फार उशिरा कळलं.

निवृत्त झाल्यावर सर शनिवार, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, पाळायला लागले. नोकरीत जमलं नव्हतं, ती हौस. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दीनावहिनी दिवा लावायच्या, आणि सर मोबाईल बंद करून कपाटात, टॉवेलांच्या खाली ठेवायचे. शनिवारी संध्याकाळपर्यंत चूल नाही, गाडी नाही, फोन नाही. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायचो. शनिवारी दुपारी वर गेलं की दोघे नवराबायको गॅलरीत गार पोळ्या खात बसलेले दिसायचे. सगळ्या इमारतीत तेवढ्याच घरात शांतता.

एका वर्षी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते नीट पार पडलं. वहिनींनी मलिदा बोलला होता. मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवस. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि चार माणसांना वाटायचं. रविवारचा दिवस ठरला होता. नाओमी तेव्हा पुण्यात बँकेत नोकरीला होती. तीही रविवारी येणार होती. शुक्रवारी दुपारी फोनवर आई तिला म्हणाली, "छातीत जळजळतंय जरा, पित्त झालंय." नाओमी म्हणाली, डॉक्टरकडे जा. आई हो म्हणाली. मग दिवस मावळला आणि फोन कपाटात गेला.

शनिवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली ती थांबेचना. दारात सर, अनवाणी, बनियनवर. "म्हात्रे, गाडी," एवढंच बोलले. जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडायचा, हे त्यांच्याच धर्मात लिहिलंय आणि ते त्यांना पाठ होतं. फोन त्यांना सुचलाच नाही, जिने सुचले. मी धावत रिक्षा आणली. मागच्या सीटवर मध्ये वहिनी, एका बाजूला सर त्यांचा हात धरून, दुसऱ्या बाजूला मी.

तिथे वहिनी बोलल्या. सरांकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलल्या. गुरुवारीच त्या एकट्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच ऍडमिट व्हायला सांगितलं होतं. त्या घरी आल्या आणि कोणालाच बोलल्या नाहीत. "मलिदा होऊन जाऊ दे म्हटलं, भावजी. बोललेला होता ना. सोमवारी जाणारच होते मी."

हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबली, तेव्हा त्यांचा हात सरांच्या हातात होता आणि त्यात काही उरलं नव्हतं.

नाओमी त्या सकाळी उजाडल्यापासून बापाला फोन लावत होती. फोन बंद. आईचा फोन तर नेहमी चार्जिंगविना पडलेला. शेवटी तिने माझा नंबर लावला आणि मला तिला सांगावं लागलं. ती आली, आईजवळ बसली, सगळे विधी होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग निघताना बॅग खांद्याला लावून आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "आईला दुखतंय हे तुम्हाला माहीत होतं पप्पा. तुम्ही फोन बंद करून देव देव करत बसलात. मी लावत होते. मी सारखी लावत होते."

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मी तोंड उघडलं, तशी त्यांनी माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. ती गेली.

मी त्यांच्यावर खूप चिडलो. "अहो, सांगायचं ना! वहिनींनी लपवलं होतं. मी साक्षीला आहे."

"फोन बंद होता हे खरंच आहे ना?"

"पण त्याने काय फरक पडला असता?"

"ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही." ते खाली बसले. "म्हात्रे, मला सोडवायचं तर दीनाला अडकवावं लागेल. ती माझ्या डोळ्यासाठीच्या मलिद्याला थांबली होती. आता नाओमी माझ्यावर रागावली आहे. रागावू दे. मी जिवंत आहे, माझ्याशी येऊन भांडता येतं, बोलणं टाकता येतं, पुन्हा धरता येतं. उद्या ती आईवर रागावली तर कुठे जाऊन भांडेल? मी असेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. मी गेल्यावर काय ते तुम्ही ठरवा."

"मग निदान तिला एवढं तरी म्हणा, की बाई, तुझ्या बापाबद्दल एवढं वाईट धरू नको."

सर माझ्याकडे बघून हसले, आणि ते हसू मला आजही नको वाटतं. "मागू म्हणता?"

सगळ्या गावाला ज्याने शिकवलं, त्याला मी शिकवणार होतो?

त्यानंतर त्या घरात एकच वाट बघणं उरलं. आपल्या पोरीने आपण होऊन, कोणी न सांगता, आपल्याबद्दल बरं समजावं. बस, एवढंच. दर शुक्रवारी दुपारी ते नाओमीला फोन करायचे. सुरुवातीला ती उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि ठेवायची. मग उचलेनाशी झाली. सण आला की सर गोड पोहे करायचे, स्वतः नारळ खवायचे आणि दुपारभर गॅलरीत बसायचे. मी म्हणायचो, "येते म्हणालीय का?" ते म्हणायचे, "नाही. पण सुटी आहे ना तिला. कळंबोलीच्या ट्राफिकमध्ये अडकली असेल." संध्याकाळ झाली की ताट घेऊन खाली आमच्याकडे यायचे. सुनंदा ते पोहे खाताना पदराने डोळे पुसायची आणि नारळ खवट आहे म्हणायची.

आणि फोन. वहिनी गेल्यापासून सरांचा फोन पुन्हा कधी कपाटात गेला नाही. शनिवार ते पूर्वीसारखाच पाळायचे, दिवासुद्धा स्वतः लावायचे. पण फोन मात्र टेबलावर, चालू, आवाज पूर्ण मोठा. मी एकदा चिडवलं, "काय सर, धर्म बुडवलात?" तर म्हणाले, "मी हात लावत नाही. तो वाजला तर बघू." शनिवारी तो कधी वाजला नाही. कोणी कंपनीवाले कर्ज घ्या म्हणून सांगायला करायचे तेवढेच. सर प्रत्येक वेळी खुर्चीतून अर्धे उठायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं की नाही सांगता येणार नाही, वेळ फार नाही. मी नाओमीला फोन केला. मनात म्हटलं, नाही आली तर? मी संशयी माणूस, वाईटच धरून चालतो. ती दोन-अडीच तासांत हॉस्पिटलच्या दारात होती. केस पिकलेले, चप्पल दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या.

आत सोडेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, मी वाट बघत होते."

"कसली?"

"त्यांनी एकदा तरी म्हणावं. की नाओमी, माझं ऐकून तर घे. मी लगेच आले असते. पहिल्याच महिन्यात आले असते. फोन उचलून गप्प बसायचे मी, म्हणतील म्हणून. ते आपले जेवलीस का विचारायचे." ती माझ्याकडे वळली. "एवढं कसं मागता येत नाही माणसाला?"

एकाच नियमाच्या दोन टोकांना धरून बसली होती दोघं. हा न मागता मिळेल म्हणून थांबलेला, ती मागितल्यावर देईन म्हणून थांबलेली. आणि मधली वर्षं गेली. मला सरांचा त्या क्षणी इतका राग आला, की आत जाऊन त्यांना गदगदा हलवावं. सगळ्या गावाला शहाणं करून सोडलंत आणि स्वतःच्या पोरीला हे शिकवून ठेवलंत!

सर अजून होते. ते असेपर्यंत न बोलण्याची त्यांची ताकीद होती. पण मला राहवेना. मी म्हटलं, "नाओमी, त्या शनिवारी रिक्षात तुझी आई..."

तिने माझा हात धरला. अगदी तसाच, मनगटावर. "नको काका."

"अगं, पण तुला कळायला हवं."

"आता नको. तुम्ही सांगितलंत की मला कळेल. कळलं की मग मी काय देणार त्यांना?" ती उठली. "ते आहेत तोवर मला देऊ दे."

पुढचं आधी सांगून टाकतो. सर त्याच दिवशी संध्याकाळी गेले. दिवस शुक्रवारचा होता, सूर्य मावळायला थोडा वेळ होता. रविवारी त्यांना मूठमाती दिली. मयुरीची आई, आता पाठीत वाकलेली, कबरस्तानच्या फाटकाशी उभी होती आणि आत यायचं की नाही हे तिला कळत नव्हतं. रिटायर झालेला गणपत आला, तोही सगळं आटोपल्यावर. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे नाओमी सात दिवस घरात बसली. सात दिवस झाल्यावर तिने मला विचारलं आणि मी तिला रिक्षातलं सगळं सांगितलं. म्हणून हे लिहिता येतंय. ती रागावली नाही, रडलीही नाही. टेबलावरचा फोन उचलून म्हणाली, "शनिवारी मी मुद्दाम करत नव्हते काका. बंद लागला तर पुन्हा तो दिवस आठवेल म्हणून." मी म्हटलं, चालू असायचा. तेव्हा मात्र ती खाली बसली.

पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते त्या शुक्रवारचं.

आम्हाला आत सोडलं तेव्हा सर उताणे पडले होते. दाढी कोणीतरी घाईने केलेली, हनुवटीखाली खुंट राहिलेले. इतकी वर्षं मी त्यांना विस्कटलेलं बघितलं नव्हतं. नाओमी त्यांच्या उजव्या बाजूला बसली. तो मेलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला, तोंड कानाशी नेलं आणि नववीतल्या पोरीसारखं स्पष्ट, एक एक शब्द सुटा करून म्हणाली, "नाओमी गिव्हज हर फादर द बेनिफिट ऑफ द डाउट."

यंत्राचा आवाज चालू होता. ती थांबली. मग काहीतरी चुकल्यासारखं स्वतःच मान हलवली. वाक्यात नाव हवं. आणि तिने वाक्य पुन्हा म्हटलं.

"नाओमी गिव्हज एझरा द बेनिफिट ऑफ द डाउट."

मला पुढचं दिसेना. मी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागलो.

"काका!" ती किंचाळलीच. "बोट हललं! खूण केली त्यांनी! झटका दिला शेवटी, बघितलंत ना? हललं ना?"

उजवी बाजू पूर्ण गेलेली होती. डॉक्टरांनी मला सकाळीच समजावून सांगितलं होतं. मी चष्मा चढवला आणि बघितलं. हात तिच्या हातांत तसाच पडलेला होता. बोट सरळ होतं. पण मघाशी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हेही खरं.

"हललं, बाळा," मी म्हटलं.